परत आलेला पेला

मनुष्याच्या हातून पाप घडते आणि घडल्यानंतर काही काळ ते पोरके असते. त्याला कोणी आपले म्हणत नाही. ते परिस्थितीच्या दारात नेऊन ठेवले जाते, एकटेपणाच्या ओटीत घातले जाते, कधी दुसऱ्याच्या डोळ्यांतल्या आमंत्रणावर लादले जाते. परंतु जाणत्यांनी सांगून ठेवले आहे की असे पोरके पाप मरत नाही. ते आपला धनी ओळखते आणि त्याने ‘माझे’ म्हणेपर्यंत त्याच्या उंबरठ्यावर बसून राहते. विवाहात तर उंबरठा दोघांचा असतो. म्हणून एकाने लपवलेले दुसऱ्याच्या पायाला लागल्यावाचून राहत नाही. महाडच्या सुहास उजागरे याच्या उंबरठ्यावर ते दिवाळीपासून बसले होते.

“पण काका, आदामानं खोटं कुठे सांगितलं?” वैशालीने विचारले.

शुक्रवारची संध्याकाळ होती. उजागऱ्यांच्या बाहेरच्या खोलीत वैशाली आणि विनीत हे नियोजित वधूवर मध्ये एक उशी ठेवून सोफ्यावर बसले होते. महाडची ख्रिस्ती मंडळी लहान, बोटांवर मोजावीत इतकी घरे. तिच्यात रीत अशी की लग्नाआधीच्या काही शुक्रवारी वधूवरांनी एखाद्या जाणत्या दांपत्याच्या घरी जायचे, त्यांच्यासमोर पवित्र शास्त्र उघडायचे आणि मनात येईल ते विचारायचे. पाळक व्यासपीठावरून उपदेश करतो. संसार मात्र ज्यांनी केला त्यांच्या घरात बसूनच समजतो, असा त्या रीतीमागचा विचार. गेली कित्येक वर्षे हे दांपत्य म्हणजे सुहास आणि शर्मिला. सुहास मंडळीच्या वडिलांपैकी एक, म्हणजे तिच्या कारभारी पंचांतला. आणि शर्मिला बालवाडीची शिक्षिका, जिच्या हाताखालून विनीत स्वतः मुळाक्षरे शिकून गेलेला.

“देवानं विचारलं, फळ खाल्लंस का? तो म्हणाला, तू जी बायको मला दिलीस, तिनं दिलं आणि मी खाल्लं,” वैशाली म्हणाली. “दिलंच होतं की तिनं! मग देव त्याच्यावर का रागावला?”

“बघा काकू, आत्तापासून आदामाची बाजू घेतेय,” विनीत म्हणाला. “माझं भलं होणार.”

“तुझी नाही घेणार हं. तू बाजारातून फळं आणतोस तीसुद्धा अर्धी सडकी.”

शर्मिला हसली. पोह्यांच्या बशा तिने टेबलावर ठेवल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, “सांगा ना. तुमच्या आवडीचा भाग आहे.”

तो आवडीचा होता खरा. आजवर कितीएक जोडप्यांना त्याने तो रंगवून सांगितला होता. मध्येच चष्मा काढून, हात पसरून, आदामाचा बिचारा चेहरा करून. आज त्याने चष्मा काढला नाही.

“आदाम बोलला ते खरंच होतं,” तो सावकाश म्हणाला. “पण देवानं त्याला बायकोबद्दल विचारलंच नव्हतं. त्याच्याबद्दल विचारलं होतं. त्यानं उत्तरात आधी देवाला ओढलं, तू दिलीस म्हणे. मग बायकोला ओढलं. स्वतःला सगळ्यांत शेवटी ठेवलं. त्याच्या वाट्याला एकच शब्द आला, खाल्लं.”

“म्हणजे तो शब्द आधी म्हणायला हवा होता?”

“हो. आणि तो म्हणून झाल्यावर तिथंच थांबायला हवं होतं.”

 त्याने तांब्यातून पाणी ओतून घेतले. वैशालीचे समाधान झालेले नव्हते. तिने पान मागे उलटले.

“आणि त्याच्याही आधी देव हाक मारतो, तू कुठे आहेस म्हणून. झाडामागं लपलेला माणूस देवाला दिसत नव्हता का?”

“दिसत होता,” शर्मिला म्हणाली. ती सुहासकडे पाहत नव्हती. बशीतली कोथिंबीर तिने बोटाने कडेला सारली. “त्याला स्वतःहून बाहेर यायला वेळ दिला.”

सुहासच्या हातातले पाणी तसेच राहिले.

घडले होते ते थोडक्यात असे. मुलीच्या बाळंतपणासाठी शर्मिला गणपतीनंतर नाशिकला गेली ती दिवाळीपर्यंत तिकडेच राहिली. सुहास महामार्गावर, महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान, एका वजनकाट्यावर नोकरीला होता. येणाऱ्या ट्रकचे वजन करायचे, पावती छापून द्यायची, एवढेच काम. काट्याच्या कुंपणाला लागून मैनाची चहाची टपरी. मैना आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीतली. नवरा मुरारी मुंबईला बेकरीत कामाला, गणपती-शिमग्याला येणारा. टपरीमागच्या खोलीत ती एकटी राहत असे. घरी चूल बंद म्हणून सुहासने तिच्याकडून दुपारचा डबा घ्यायला सुरुवात केली. एके संध्याकाळी तो रिकामा डबा परत द्यायला तिच्या खोलीवर गेला, आणि डबा देऊन परतला नाही. मग पुन्हा गेला. त्यानंतर जाण्यासाठी त्याला डब्याचे निमित्तही लागले नाही.

दिवाळीला शर्मिला परत आली आणि त्याने जाणे थांबवले. कोणाला काही कळले नाही. परंतु आपण काही केलेच नाही असे वाटण्याऐवजी ते सतत आपण करीतच आहोत असे त्याला वाटू लागले. शर्मिलाने ताटात वाढले की वाटे, शेजारी दिवा मालवला की वाटे. त्याने मनाशी एक वाक्य घडवून ठेवले होते. ‘शर्मिला, तू इथे नव्हतीस.’ कबुलीची सुरुवात या वाक्याने करायची, म्हणजे पुढचे सारे आपोआप थोडे हलके होईल, असा त्याचा हिशेब होता. ते वाक्य घासूनपुसून गुळगुळीत झाले होते. उच्चारण्याचे धैर्य मात्र होत नव्हते.

त्यात दर महिन्याचा पहिला रविवार येई. त्या दिवशी मंडळीत प्रभुभोजन. भाकरीचा एक तुकडा आणि बोटभर उंचीच्या पेल्यात द्राक्षरस. कोकणात कुठली आली द्राक्षे. म्हणून शर्मिला आदल्या दिवशी काळे मनुके भिजवी, उकळी, फडक्यातून पिळून गाळी. तिच्या सासूपासून हे काम या घराकडे होते. पेले भरणे तिचे, आणि उपासनेनंतर घरी आणून धुणेही तिचेच. या भोजनाचा नियम कडक. ज्याने त्याने आधी स्वतःला तपासावे. ज्याच्या मनात न मिटलेले वैर किंवा न सांगितलेले पाप असेल त्याने पेला घेऊ नये. तबक पुढे द्यावे. एवढ्याशा मंडळीत कोणी तबक पुढे दिले तर ते सगळ्यांना दिसणारच, आणि रात्रीपर्यंत ते वीरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत पोचणारच.

पेला घेण्याचे सुहासला धाडस नव्हते आणि न घेण्याचेही नव्हते. तेव्हा त्याने एक युक्ती केली. “तबक मीच फिरवीत जाईन,” असे त्याने पाळकांना सांगितले. तबक फिरवणाऱ्याने सगळ्यांत शेवटी, मेजाकडे तोंड करून, आपला पेला घ्यायचा असतो. त्या वेळी मंडळीची मस्तके प्रार्थनेत लवलेली असतात. सुहास पेला ओठांशी नेई आणि तसाच भरलेला तबकात ठेवून देई. देवाशी लबाडी केली नाही, एवढे समाधान घेऊन तो घरी येई. ते समाधान चपला काढेपर्यंतही टिकत नसे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, काट्यावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढला.

“खाली उतर,” सुहासने खिडकीतून सांगितले. हा त्याचा नियम आसपास प्रसिद्ध होता. रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हर बाहेर राहतो आणि भरलेली तोलताना हळूच आत बसून राहतो, अशी चलाखी तो कोणाला करू देत नसे.

“आवो साहेब, माजं वजन ता काय?” कोंडाजी ड्रायव्हर वरून ओरडला. “बायको उपाशी ठेवतं. तुमच्या काट्याला कळायचं बी नाय मी हाय का नाय ता.”

“काट्याला कळतं. उतर तू. तुझं वजन चिऱ्यांवर घालायचं नाही.”

“घ्या, उतरलो. आता तरी बायकोला सांगा माझं वजन किती ता, म्हंजे चार घास जास्ती घालंल.”

तुझं वजन चिऱ्यांवर घालायचं नाही, हे वाक्य सुहास दिवसातून कितीदा तरी उच्चारीत असे. आज ते तोंडून निघाल्यावर तो समोरच्या लाल आकड्यांकडे नुसता पाहत राहिला. कोंडाजीने काच वाजवली तेव्हा कुठे त्याने पावती छापली.

दुपारी रहदारी ओसरली तसा तो टपरीवर गेला. मैना बाकड्यावर बसून मिरच्यांची देठे काढीत होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची तिला सवय होती, आणि तीच सुहासला आता सोसवत नव्हती.

“बसा. चाय ठेवू?”

“नको.”

“मंग काय काटा बंद पाडलाव?”

“मैना, मी आज घरी सांगणार आहे.”

तिचा हात थांबला. “कुनी कळवलं बाईंना?”

“नाही. कुणाला माहीत नाही.”

“मंग?”

“राहवत नाही. पण म्हटलं, आधी तुला विचारावं. तुझी काही हरकत असेल तर...”

मैना त्याच्याकडे पाहत राहिली. मग हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता.

“आसं बोला की सरळ! मी नको म्हनावं म्हनून आलाव तुमी. मी रडावं, पाया पडावं, मुरारी माजा जीव घेल आसं म्हनावं. म्हंजे तुमी गप बसाया मोकले. वर देवाला सांगाल, तिच्यासाटी गप ऱ्हायलो.”

“तसं नाही.”

“तसंच हाय. मी नाय आडवनार. जावा, सांगा.” तिने एक मिरची उचलली, देठ तोडले नाही. “पन येक आयका. बाईनं भुलवलं आसं सांगू नका. भुलवाया मी काय चेटकीन हाय? तुमी तुमच्या पायानं आलाव. मी माज्या हातानं दार उघडलं. माज्या हाताचं मी बघीन. शिमग्याला मुरारी येल, तवा त्याला काय सांगायचं ता माजं मी ठरवीन. त्यात तुमी पडू नका.”

“मंडळीत तुझं नाव मी येऊ देणार नाही.”

“मंडलीचं ऱ्हाऊ दे. बाईंनी इचारलं तर मातर खरं सांगा.” मैनाचा आवाज प्रथमच खाली आला. “नातू झाला म्हनून हितं येऊन मला पेढा दिलान तिनं. माज्या हातची चाय प्याली. मी ता पेढा खाल्लाय. अजून गल्याखाली उतरला नाय.”

महामार्गावरून एक गाडी काट्याकडे वळली. मैनाने मिरच्यांचे सूप मांडीवर ओढले.

“जावा. गाडी लागली तुमची.”

सुहास वळला. आपण तिच्याकडे कशासाठी आलो होतो हे तिने सांगेपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हते, या जाणिवेने त्याचे कान तापले होते. स्वतःचे ओझे ठेवायला तो आणखी एक खांदा शोधीत आला होता. आणि ज्या खांद्याला आधीच तिचे स्वतःचे ओझे होते तोच त्याने निवडला होता.

तो त्या दिवशी उन्हे असतानाच घरी आला. स्वयंपाकघरात मनुके शिजल्याचा गोडसर, किंचित जळका वास भरला होता. शर्मिला पाटावर बसून फडक्यातून रस पिळीत होती. हात मनगटापर्यंत काळे-जांभळे झाले होते.

“लवकर आलात. ते वरचं पातेलं द्या जरा.”

त्याने पातेले काढून दिले आणि दारातच उभा राहिला. बसावे असे त्याला वाटले नाही. मग ते घडवून ठेवलेले वाक्य जिभेवर आपोआप आले.

“शर्मिला, तू नाशिकला गेलीस तेव्हा... तू इथे नव्हतीस, आणि मी...”

शर्मिलाचे हात पातेल्यावरच थांबले.

“मी कुठे होते ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुम्ही कुठे होता ते सांगा.”

आवाज चढलेला नव्हता. बालवाडीतल्या मुलाला ती पाटी पुन्हा लिहायला सांगे तोच तो आवाज. सुहासने महिनोन्‌महिने जपलेले वाक्य त्याच्या तोंडातच विरले. त्याच्यामागे रांगेने उभी असलेली इतर वाक्येही एकेक करून पुढे आली: घर खायला उठे, फोनवर तू नातवाचेच बोलत असायचीस, ती बाई मायाळू होती, वय असे असते. प्रत्येक वाक्य ओठांपर्यंत आले आणि प्रत्येकाला त्याने परत पाठवले. ती सगळी गेल्यावर जे उरले ते फार लहान होते.

“मी मैनाच्या खोलीवर गेलो.”

“चहावाली मैना?”

“हो.”

“एकदा?”

“नाही. पुष्कळदा. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. तू परत आलीस म्हणून थांबलो, तेही पश्चात्ताप झाला म्हणून नाही. भीती वाटली म्हणून.” त्याने श्वास घेतला. “मी तुला दिलेलं वचन मोडलं.”

आणि तो तिथेच थांबला. पुढे ‘पण’ येऊ पाहत होता. तो त्याने गिळला.

फडक्यातून रस थेंबथेंब गळत होता. शर्मिलाने मान वर केली.

“कोण, ते माहीत नव्हतं मला,” ती म्हणाली. “काहीतरी आहे एवढं माहीत होतं.”

“कसं?”

“पेले कोण धुतं?”

सुहासला क्षणभर अर्थ लागला नाही. आणि लागला तेव्हा त्याने दाराची चौकट धरली.

“दिवाळीपासून दर खेपेला एक पेला भरलेला परत येतो. आधी वाटलं, माझ्याकडून एखादा जास्त भरला गेला असेल. मग मी माणसं बघून भरायला लागले. तरी एक यायचाच. तबक तुमच्या हातात असायचं.”

“विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असतं. मला उत्तर नको होतं. तुम्ही आपणहून यायला हवं होतं.” आता मात्र तिचा आवाज फाटला. “किती वेळ दिला मी तुम्हाला! आणि काल त्या पोरांसमोर बसून आदाम समजावून सांगत होतात. जीभ कशी हो वळली तुमची? मी पोहे देत होते. त्या बाईला पेढा दिला मी. ह्या हातानं दिला. बघा, ह्या.”

तिने जांभळा हात त्याच्यापुढे धरला. सुहासला तो घ्यावासा वाटला. घेण्याचा अधिकार नव्हता.

“मला क्षमा...”

“आत्ता मागू नका. आत्ता हो म्हटलं तर ते खोटं होईल. नाही म्हटलं तर ते कायमचं खरं होऊन बसेल, त्याची मला भीती वाटते.” तिने फडक्याची टोके पुन्हा एकत्र केली. “बाहेर बसा तुम्ही. मला हा रस गाळायचाय. तो काही तुमच्या-माझ्यासाठी थांबणार नाही.”

तो बाहेर जाऊन बसला. आतून फडके पिळल्याचा आवाज येत राहिला. फडक्यात पिळण्याजोगे काही उरले नसेल, त्यानंतरही बराच वेळ येत राहिला. त्या रात्री शर्मिलाने आपले अंथरूण मुलीच्या खोलीत घातले.

रविवारी सावित्री नदीवरचे धुके अजून विरलेले नव्हते, तेव्हाच सुहास उपासनेच्या हॉलपाशी पोचला. हॉलच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ रंग देऊनही पुसट दिसत असे. तिच्याखाली खुर्च्या मांडीत तरुण पाळक दीपेश एकटाच होता.

“पाळकसाहेब, तबक आज दुसऱ्या कुणाला द्या. आणि वडीलपणाही माझ्याकडून काढून घ्या.”

दीपेशने खुर्ची खाली ठेवली. सुहासने काय ते सांगितले. शर्मिलाला सांगितले तेवढेच, तसेच. बाईचे नाव सांगितले नाही आणि पाळकाने विचारले नाही. तो वयाने सुहासच्या मुलासारखा. 

“काका, मंडळीला कारण काय सांगू?”

“उजागऱ्यानं विवाहाचं वचन मोडलं म्हणून सांगा. आणखी कोणाला त्यात ओढू नका. कारण म्हणून काही सांगूही नका.”

दीपेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि प्रार्थना करावी की न करावी अशा संभ्रमात तो हात तसाच ठेवून उभा राहिला.

विनीत आणि वैशाली मोटारसायकलवरून उतरत होती. सुहास त्यांच्याकडे गेला.

“तुमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून दुसरं कुणी बघा, बाळांनो. आणि शुक्रवारी यायचं तेही दुसऱ्या घरी.”

“का हो काका?” वैशाली घाबरली. “काकूंना बरं नाही का?”

फार सोयीचे निमित्त तिने निष्पापपणे पुढे केले होते. नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

“काकू बरी आहे,” सुहास म्हणाला. “मी तिच्याशी एकनिष्ठ राहिलो नाही. परवा तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला हक्क नव्हता.”

विनीत आपल्या बुटांकडे पाहू लागला. वैशालीचे डोळे भरून आले. ज्या घरात आपण शिकायला जात होतो त्या घराची भिंत पडलेली तिला दिसली असावी. तरी ती पोरगी प्रश्न सोडणारी नव्हती.

“पण उत्तर चुकीचं होतं का?”

सुहासने विचार केला. “नाही. उत्तर बरोबर होतं.”

उपासना सुरू झाली. शर्मिला आली ती नेहमीच्याच बाकावर बसली. त्याच्यात आणि स्वतःत एका माणसाची जागा सोडून. तिने पिशवी त्या जागेवर ठेवली नाही, एवढे सुहासच्या ध्यानात आले. वचने वाचली गेली, गीत झाले, भाकरी मोडली गेली. मग तबक निघाले. ते आज दुसऱ्याच हातांत होते आणि बाकामागून बाक ओलांडीत येत होते. सुहासपाशी ते आले तेव्हा पेल्यांतला काळसर रस किंचित हिंदकळत होता. त्याने दोन्ही हातांनी तबक धरले. पुढच्या बाकावरच्या बयाबाईने मागे वळून पाहिले. त्याने पेला उचलला नाही. हात लांब करून, मधल्या रिकाम्या जागेवरून, त्याने तबक शर्मिलाच्या हाती दिले.

शर्मिलाने ते मांडीवर टेकवले. आपल्या हातांनी गाळलेल्या, आपल्या हातांनी भरलेल्या त्या पेल्यांकडे ती पाहत राहिली. तिचे बोट एका पेल्याच्या काठाला लागले, तिथेच थांबले. मग तिने बोट काढून घेतले आणि तबक पुढे दिले.



आपल्या पापाचे मोल आपणच मोजतो आहोत, असे सुहासला कालपासून वाटत होते. त्या क्षणी त्याला कळले की लग्नाच्या या बायकोने, जिने आयुष्यात एकही पहिला रविवार चुकवला नव्हता, तिने आपल्यापायी आज प्रभूचा पेला सोडला. तिला ओरडून सांगावे, ‘तू घे, तुझा काय दोष,’ असे त्याला वाटले. परंतु ते सांगणारा तो कोण होता? त्याने मस्तक लववले, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच प्रार्थनेत दोष ठेवायला त्याला स्वतःचे नाव सोडून दुसरे नाव आठवले नाही.

दुपारी घरी शर्मिला मोरीशी बसून पेले धूत होती. सुहास पाणी घालीत होता. तिने त्याला बोलावले नव्हते आणि हाकललेही नव्हते. सगळे पेले पालथे मांडून झाले. दोन भरलेले तबकात उरले.

“तू का सोडलास?” त्याने विचारले. “तू तर काही...”

“तुमच्यासाठी नाही सोडला.” तिने हात पुसले. “माझ्या मनात राग आहे. तो असताना पेला घेतला असता तर तोही लबाडीचाच झाला असता. माझा राग आहे, त्याचं काय करायचं ते मी बघेन. तुम्ही त्याच्यात काही बोलू नका.”

कालच दुसऱ्या एका बाईच्या तोंडून हेच शब्द ऐकले होते, हे सुहासला आठवले. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

उरलेला रस मोरीत टाकायचा नसतो. झाडाच्या मुळाशी ओतायचा असतो. परसात सुहासच्या आईने लावलेली अनंताचे झुडूप होते... झुडूप कसले, आता चांगले झाडच झालेले होते. आजवर तो रस शर्मिलाच ओतीत आली होती. तिने तबक उचलले, दोन पावले गेली आणि थांबली.

“या,” ती म्हणाली. “तुमचा तुम्ही ओता. माझा मी ओतते.”

दोघे झाडाखाली उभी राहिली. त्याने आपला पेला ओतला. मातीने तो लगेच शोषून घेतला. तिने आपला सावकाश, बारीक धार धरून ओतला. दोन्ही डाग शेजारी शेजारी ओले राहिले.

आत वळताना शर्मिला थबकली. तिची बोटे अजून जांभळीच होती. तो रंग दोन-चार दिवस जात नसे.

“पुढच्या महिन्याचे मनुके तुम्ही भिजवायचे,” ती म्हणाली. “आदल्या सकाळीच भिजवावे लागतात. पाणी कोमट घ्यायचं, कढत नाही.”

“बरं,” सुहास म्हणाला.

ती आत गेली. मुलीच्या खोलीचे दार तिने लोटून घेतले. कडीचा आवाज आला नाही.

सुहास झाडापाशी उभा राहिला. माती सुकेपर्यंत तो तिथे उभा होता म्हणतात.

ज्याने आपले पाप आपल्या नावाने हाक मारून घरात घेतले त्या पुरुषाला ते वाहण्याचे बळ मिळो. जिने खोट्या क्षमेपेक्षा खरा राग पत्करला त्या स्त्रीचा राग एके दिवशी तिला सोडून जावो. टपरीमागच्या खोलीत शिमग्याची वाट पाहणाऱ्या मैनाच्या दारी सत्य येईल तेव्हा ते सौम्य पावलांनी येवो. आणि ज्या दोघांनी अजून एका छपराखाली पाऊल ठेवलेले नाही, त्यांच्या घरचा पेला कधी भरलेला परत न येवो.